छाटणीआधी पाण्याचा हिशेब

जागतिक जल दिन, २२ मार्च, नाशिक जिल्ह्यात शेतीच्या सर्वांत नाजूक दिवसांत येतो. निफाड-दिंडोरीत द्राक्षांची काढणी उरकत आलेली असते, उन्हाळ कांद्याला शेवटची एक-दोन पाणी द्यायची राहिलेली असतात, आणि पंधरा दिवसांत खरड छाटणी तोंडावर येते. बागायतदाराला सांगायला नको की या छाटणीनंतरच्या चाळीस ते साठ दिवसांतच नव्या काडीत पुढच्या हंगामाचा घड धरतो. तेव्हा पाण्याने दगा दिला तर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर खतांवर आणि फवारण्यांवर कितीही खर्च करा, न धरलेला घड बाहेर येत नाही. म्हणजे वर्षातले सर्वांत मोलाचे पाणी द्यायची वेळ विहिरी तळाला गेल्यावरच येते. ‘तुमची विहीर किती चालते?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे तासांत मिळते. दिवाळीत चार-पाच तास चालणारी मोटर मार्चमध्ये दीड तासावर येते, आणि मे महिन्यात अर्ध्या तासातच हवा ओढू लागते.

याच महिन्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माणसे गावोगावच्या निरीक्षण विहिरींत टेप सोडून पाण्याची पातळी मोजतात. १९७२ मध्ये, त्या भीषण दुष्काळाच्या वर्षी, ही यंत्रणा राज्यात उभी राहिली. आज राज्यभरातल्या सुमारे चार हजार निरीक्षण विहिरींची पातळी ती वर्षातून चार वेळा घेते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ती पातळी ताडली जाते, आणि उन्हाळ्यात टंचाई कुठे पडेल याचा अंदाज त्यावरून निघतो. पन्नास वर्षांहून अधिक काळ नेमाने चाललेले हे काम मोलाचे आहे. मात्र हा आकडा जातो जिल्हाधिकारी कार्यालयात, टंचाई आराखड्यात, टँकरच्या नियोजनात. ज्याने ते पाणी उपसले आणि जो पुढेही उपसणार आहे, त्या शेतकऱ्यापर्यंत तो पोहोचत नाही; पोहोचला तरी लागवड होऊन गेल्यावर पोहोचतो. भूजलाचा हिशेब आपण ठेवतो, पण खर्च होऊन गेल्यावर ठेवतो. नाशिकच्या पाणीप्रश्नाचे मूळ आम्हाला इथे दिसते.

धरणाच्या पाण्याबाबत आपण असे वागत नाही. गंगापूर, दारणा, पालखेड यांत किती टीएमसी साठा आहे हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. खालच्या अंगाला असलेल्या जायकवाडी धरणाचा वाद आला की नाशिक, अहिल्यानगर आणि मराठवाडा तिन्हीकडचे लोक दशांशातल्या आकड्यांवर भांडतात. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचे कलम आले, २०१३ मध्ये मेंढेगिरी समितीचा अहवाल आला, आणि दर वर्षी १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली आहे की वर, यावरून वरच्या धरणांचे पाणी सोडायचे की नाही ते ठरू लागले. हे सूत्र कुणाला पटो न पटो, पण तारीख ठरलेली आहे, आकडा ठरलेला आहे, त्यावर भांडता येते. चांदवड, देवळा, सिन्नर, येवला, नांदगाव इथल्या कालव्याबाहेरच्या गावांची शेती मात्र जमिनीखालच्या पाण्यावर उभी आहे. तिथे अशी तारीख नाही, वाटपाचे कलम नाही, आणि भांडायला आकडाही नाही.

हा आकडा काढणे तितके अवघड नाही. त्यासाठी आधी आपल्या पायाखालचा दगड समजून घ्यायला हवा. नाशिक जिल्हा जवळजवळ सगळा बसाल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर वसला आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा प्रदेश तयार झाला. गंगेच्या मैदानासारखी इथे शेकडो फूट खोल वाळू नाही, की जिच्यात पाणी साठून राहावे. वरचा मुरूम, त्याखालचा झिजलेला, भेगाळलेला दगड, थराथरांमधल्या सांधी, एवढ्यातच पाणी मावते. त्याखाली अखंड काळा पाषाण लागतो, आणि त्यात पाण्याला जागाच नसते. म्हणून आपल्याकडची जुनी विहीर सात-आठ परसांची असायची. आपले पूर्वज अडाणी होते म्हणून नव्हे, तर पाणी तेवढ्याच थरात आहे हे त्यांना पक्के माहीत होते म्हणून.

अशा दगडात पाणी साठण्याची जागा, भूजलशास्त्रज्ञांच्या हिशेबाने, त्याच्या आकारमानाच्या एक ते तीन टक्के असते. दोन टक्के धरू. एक हेक्टर क्षेत्राखालची पाणीपातळी एक मीटर उतरली, म्हणजे दोन लाख लिटर पाणी गेले. तेवढेच. वीस हजार लिटरचे दहा टँकर. आता आवक बघू. पूर्वेकडच्या तालुक्यांत पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. भूजल मूल्यांकनाच्या केंद्रीय पद्धतीत झिजलेल्या बसाल्टसाठी त्यातला सात टक्के पाऊस मुरतो असे धरतात, आणि सच्छिद्र, भेगाळ बसाल्टसाठी तेरा टक्के. चांगल्यात चांगला दगड धरला तरी हेक्टरी ६५ मिलिमीटर, म्हणजे साडेसहा लाख लिटर पाणी जमिनीत जाते. आणि जावक? द्राक्षबाग पूर्ण ठिबकवर असली तरी तिला पावसाखेरीज वर्षाला काही शे मिलिमीटर पाणी लागते. कमीत कमी ३०० धरले तर ३० लाख लिटर. म्हणजे एक हेक्टर बाग जगवायला साडेचार-पाच हेक्टरांवर मुरलेला पाऊस लागतो, आणि दगड उणा असेल तर आठ-नऊ हेक्टरांवरचा. गावाच्या शिवारात बागायत किती असावी याचा अंदाज एवढ्या साध्या गुणाकार-भागाकारातून येतो. त्यात चुका असतील, दगड गावागणिक बदलतो, कुठे मधेच उभी भिंत घातल्यासारखा डाईक येतो आणि अलीकडच्या विहिरीला पाणी तर पलीकडची कोरडी राहते. तरीही ही गोळाबेरीज अंधारात चाचपडण्यापेक्षा शंभर पटीने बरी.

सरकारी मूल्यांकन याच धर्तीवर होते. वर्षात जेवढे पाणी उपसण्याजोगे आहे त्याच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर क्षेत्र सुरक्षित, ९० पर्यंत अंशतः शोषित, १०० पर्यंत शोषित आणि त्यापुढे अतिशोषित. २०२४ च्या मूल्यांकनात देशाचा उपसा उपसण्याजोग्या पाण्याच्या ६० टक्क्यांच्या आसपास आला. सुमारे २४५ अब्ज घनमीटर पाणी आपण वर्षाला जमिनीतून काढतो. जगात दुसरा कोणताही देश इतके काढत नाही. महाराष्ट्राचा आकडा देशाहून बरा, निम्म्याच्या थोडा वर आहे. हे वाचून हायसे वाटते, आणि इथेच फसगत होते. पाण्याची सरासरी कुणाची तहान भागवत नाही. इगतपुरीत तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तासा-दीड तासाच्या अंतरावर सिन्नरच्या पूर्व भागात पाचशेही धड पडत नाही. या दोहोंची बेरीज करून जिल्ह्याचा आकडा काढणे म्हणजे दोघांनाही चुकीचे उत्तर देणे आहे.

तालुक्याचा आकडाही पुरेसा नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर इथे उपसा नगण्य, म्हणून कागदावर हे तालुके सुरक्षित. पण तिथल्या आदिवासी पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरतात, कारण डोंगरउतारावरचा पातळ मुरूम पावसाचे पाणी दिवाळीपर्यंतही धरत नाही. तिथला प्रश्न साठवणीचा आहे, उपशाचा नाही. कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा इथे, डाळिंब आणि कांद्यासाठी ओढलेल्या पाण्याचा प्रश्न आहे. आणि त्या पट्ट्यातसुद्धा एकाच तालुक्यात नदीकाठचे गाव आणि माथ्यावरचे गाव यांचे दुखणे वेगळे. म्हणून मोजणी गावाची, त्यातही त्या गावाच्या ओहोळा-नाल्याच्या पाणलोटाची हवी. आकड्याला शिवार असले पाहिजे.

आता शेततळ्यांविषयी, कारण नाशिकच्या भूजलाची गोष्ट त्यांच्याशिवाय सांगताच येत नाही. नाशिक-सटाणा किंवा नाशिक-येवला रस्त्याने जाताना दुतर्फा काळ्या प्लास्टिकची तळी चमकताना दिसतात. शेततळ्याची मूळ कल्पना फार चांगली होती. पावसाळ्यात शेतातून वाहून जाणारे पाणी अडवायचे, आणि सप्टेंबरमध्ये पावसाने ओढ दिली की एखादे संरक्षित पाणी पिकाला द्यायचे. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, त्याआधी फलोत्पादन अभियानातून सामूहिक शेततळी झाली. अस्तरीकरणाला अनुदान मिळाले. पण आपल्या भागात घडले असे की या तळ्यांत पावसाचे पाणी थोडे आणि विहिरी-बोअरचे जास्त भरले जाऊ लागले. ऑक्टोबर ते जानेवारी, भूजल वर असताना, मोटर लावून तळे भरून ठेवायचे आणि एप्रिल-मेमध्ये बागेला वापरायचे. वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टमधले संशोधक ईश्वर काळे यांनी २०१७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त महाराष्ट्रातल्या शेततळ्यांच्या या वापरावर सविस्तर लिहिले. आठ वर्षे उलटून गेली तरी सरकारी कागदावर ही तळी जलसंधारणाच्या रकान्यातच आहेत.

शेतकऱ्याला यात दोष देता येत नाही. त्याचे गणित चोख आहे. वीज कधी येईल याचा भरवसा नाही, शेजाऱ्याने खोल बोअर घेतले तर आपली विहीर कधी आटेल याचाही नाही. तेव्हा हाती येईल तेवढे पाणी आपल्या बांधाच्या आत आणून ठेवणे हा शहाणपणाच आहे. खरड छाटणीनंतरचा घड वाचवायचा तर दुसरा उपाय त्याच्यापुढे ठेवला कुणी? पण एकेकाचे हे शहाणपण सगळ्या गावाचे नुकसान करते. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद तळ्याचा नऊशे चौरस मीटर पृष्ठभाग उन्हाला उघडा असतो. त्यावरून एक मीटर पाण्याची वाफ झाली तरी नऊ लाख लिटर गेले. जमिनीखाली हेच पाणी सावलीत होते. सर्वांचेही होते. ते वर आले, प्लास्टिकवर साठले आणि एकाचे झाले. आणि ज्याच्याकडे तळे खोदण्यापुरते भांडवल वा जागा नाही, त्या दोन-तीन एकरवाल्याची विहीर जानेवारीतच खडखडली. आमचे म्हणणे स्पष्ट आहे: विहिरीच्या पाण्याने भरलेले शेततळे हा उपसा आहे आणि भूजलाच्या हिशेबात ते उपशाच्याच बाजूला लिहिले पाहिजे. नवे अस्तरीकरणाचे अनुदान देताना तळ्याला ओहळाचे पाणी येणारी वाट आहे का, हे पाहूनच द्यावे.

ठिबकचेही असेच झाले. ठिबकने एकरी पाणी वाचले यात शंका नाही, आणि या तंत्रात नाशिकच्या बागायतदाराने देशाला धडा घालून दिला. पण वाचलेले पाणी जमिनीत राहिले नाही, ते शेजारच्या माळावरच्या नव्या लागवडीला गेले. जलयुक्त शिवार अभियानातही आपण आवकच वाढवत राहिलो. नाले खोल केले, रुंद केले. ९,६०० कोटींहून अधिक खर्च झाला. महालेखापरीक्षकांच्या २०२० च्या अहवालाने भूजल पातळी अपेक्षेप्रमाणे वाढली नसल्याचे दाखवून दिले. जावकेला हातच लावला नाही, तर आवक वाढवून पातळी टिकत नाही. आता २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आहे, आणि सौरपंप मागेल त्याला आहेत. शेतकऱ्याला रात्रीबेरात्री साप-बिबट्याच्या भीतीत पाणी भरायला लागू नये, दिवसा वीज मिळावी, ही मागणी न्याय्यच होती. पण उपशाला आता विजेच्या बिलाचाही लगाम उरलेला नाही. म्हणूनच दुसरा लगाम, आणि तो लोकांच्या हातचा, आजच तयार करायला हवा.

कायदा आहे. जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून मिळालेला आहे. त्याला पहिली वेसण १९९३ च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने घातली: पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर नको. २००९ चा भूजल विकास व व्यवस्थापन अधिनियम त्याच्या बराच पुढे गेला. २०१३ मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळून तो राजपत्रात आला. शेतीसाठी साठ मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल विहीर घेण्यावर त्यात बंदी आहे. आज देवळा-चांदवडच्या माळावर पाचशे फुटांच्या पुढे बोअर जातात. कारवाई होत नाही, आणि ती केवळ पोलिसी मार्गाने व्हावी असेही आम्हाला वाटत नाही. कर्ज काढून बोअर घेणाऱ्यावर गुन्हा दाखल करून पाणी वाढणार नाही. पण खोल बोअर वरच्या थरातले पाणी खाली ओढते आणि आजूबाजूच्या जुन्या विहिरी कोरड्या पाडते, हे गावाने एकदा आपल्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे, आकड्यांनी पडताळले पाहिजे. कायद्याचा खरा उपयोग गावाने ठरवलेल्या नियमाला पाठबळ देण्यासाठी आहे.

गावाने पाण्याचा नियम ठरवणे नाशिकला नवे नाही. बागलाणमध्ये मोसम आणि आरम नद्यांवर, तसेच धुळ्याकडे पांझरेवर शेकडो वर्षे फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि गावाच्या बागायतीचे तीन-चार मोठे फड. एका फडात सगळ्यांनी एकच प्रकारचे पीक घ्यायचे. पाणी कमी दिसले तर यंदा कोणते फड भिजवायचे आणि कोणते पडीक ठेवायचे हे हंगामाच्या आधी सगळ्यांनी बसून ठरवायचे. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असल्याने तुटीचा वाटा सगळ्यांच्या अंगावर येई. एकाचा मळा हिरवा आणि दुसऱ्याचा करपलेला, असे होत नसे. या व्यवस्थेत उणिवा होत्या, जातीची उतरंड होती, भूमिहीनाला त्यात जागा नव्हती. ती जशीच्या तशी परत आणा असे कुणी म्हणणार नाही. पण पाणी पाहून पीक ठरवायचे, आणि तेही एकट्याने नव्हे, ही शिस्त या मातीतलीच आहे.

अलीकडचे उदाहरण ओझरचे. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाला असलेल्या तिथल्या गावांना पाणी पोहोचतच नव्हते. समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र केले, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या, आणि पुढे वाघाड प्रकल्पाचे सगळे व्यवस्थापनच शेतकऱ्यांच्या हाती आले. आजच्या विषयाच्या दृष्टीने त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. या संस्थांनी कालव्याचे पाणी आणि विहिरीचे पाणी वेगळे मानले नाही. आपल्या हिश्श्याचे पाणी नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडून त्यांनी विहिरी भरून घेतल्या, पाणी मोजून दिले, तासावर आकारणी केली. ज्वारी-बाजरीचे ते शिवार द्राक्षाचे झाले. शिस्त लावल्याने बागायत बुडते ही भीती ओझरने खोटी ठरवली आहे.

मग आता काय करायचे? साधने हाताशी आहेत. ई-पीक पाहणीमुळे गावात कुठले पीक किती क्षेत्रावर आहे, त्याला पाणी कुठून आहे, याची नोंद हंगामागणिक होते. पर्जन्यमापकाची नोंद मंडळनिहाय मिळते. निरीक्षण विहिरीची पातळी भूजल यंत्रणेकडे आहे. त्यात गावाने आपल्या पाच-सहा विहिरी घालून महिन्यातून एकदा टेप सोडला की चित्र पुरे होते. अटल भूजल योजनेत राज्यातले जे तेरा जिल्हे निवडले गेले त्यांत नाशिक आहे. तिच्यातल्या गावांनी पाण्याचा ताळेबंद मांडून पाहिला आहे. तो सराव योजनेतल्या गावांपुरता राहू नये. हे सगळे कागद आज वेगवेगळ्या खात्यांच्या कपाटांत आहेत. ते एकत्र करून गावाला समजेल अशा एका पानावर मांडणे, हे काम जिल्हा परिषदेने आणि भूजल यंत्रणेने अंगावर घ्यावे. कृषी सहायक आणि शाळेतले मास्तर मिळून एका संध्याकाळी ते वाचून दाखवू शकतात.

आणि ते वाचायचे कधी, तर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत. पावसाळ्यानंतरची पातळी तेव्हा हातात येते. बहुतेक द्राक्षबागांची छाटणी तेव्हा सुरू असते किंवा तोंडावर असते. उन्हाळ कांद्याचे रोप अजून टाकायचे असते. यंदा जमिनीत किती पाणी आहे, पिण्यासाठी आणि जनावरांसाठी किती बाजूला ठेवायचे, उरलेल्यात किती एकर कांदा बसतो, किती नव्या बागा धरू नयेत, कोणत्या तारखेनंतर विहिरीच्या पाण्याने शेततळी भरू नयेत, हे त्या सभेत ठरवता येते, कारण तेव्हा ठरवलेले पाळणे अजून शक्य असते. हिवरे बाजार या गावाने हे वर्षानुवर्षे करून दाखवले आहे. नाशिकच्या बागायतदाराला, ज्याने युरोपच्या बाजारपेठेसाठी प्रत्येक फवारणीची नोंद ठेवायला शिकून घेतले, हे अशक्य नाही. परदेशी ग्राहकासाठी ठेवलेल्या त्या वहीत एक रकाना आपल्या विहिरीच्या पातळीचा असावा, असा आग्रह द्राक्ष बागायतदार संघ आणि निर्यातदारांनी धरावा.

त्याआधी १ मेची ग्रामसभा आहे. या मार्चची आणि गेल्या ऑक्टोबरची, दोन्ही पातळ्या तोवर मिळालेल्या असतील. दोहोंतला फरक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, पोस्टाच्या पेटीशेजारी, ठळक अक्षरांत लिहावा: आपल्या शिवारातले पाणी पाच महिन्यांत किती मीटर उतरले. यंदा सुरुवात एवढ्यापासून करता येईल, आणि त्याला शासन निर्णयाचीही गरज नाही.